१ टीबी डिस्क कोरी करायला निसर्ग किमान किती ऊर्जा मागतो?

खोडरबर (धागाकर्ता)

माहिती पुसली की उष्णता बाहेर पडतेच आणि तिला एक खालची मर्यादा आहे, हे आयबीएमच्या रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ साली मांडलं. एका बिटामागे किमान के × टी × एलएन २. यात के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि एलएन २ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगरिदम, साधारण ०.६९. २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला, हे २.८७ झेप्टोजूल येतं. १ झेप्टोजूल = १०^-२१ जूल.

१ टीबी म्हणजे ८ × १०^१२ बिट. गुणाकार केला की २३ नॅनोजूल.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. साडेतीन इंची हार्ड डिस्क, लिहिण्याचा सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी, वीज ६ वॅट. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहायला सुमारे ६,६७० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडं जास्त. खर्च ४० किलोजूल. किमान मर्यादेच्या एक लाख सत्तर हजार कोटी पट!

प्रश्न तीन आहेत. एक, एवढी सगळी ऊर्जा जाते कुठे? दोन, एनक्रिप्टेड एसएसडीत (चिपांवर साठवणारी डिस्क, डेटा किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात) फक्त २५६ बिटांची किल्ली पुसली की सगळा डेटा निकामी होतो, मग तिथे लँडॉअरला चकवलं असं म्हणायचं का? तीन, या मर्यादेचा चिप बनवणाऱ्याला काही उपयोग आहे, की ती नुसती परीक्षेत विचारायची?

रीसायकल बिन रिकामा करणे हा धाग्याचा विषय नाही. त्यात फक्त नोंद जाते, डेटा जागेवरच असतो.

---

महावितरणग्रस्त

एका युनिटात ३६ लाख जूल. म्हणजे १.२५ × १०^२७ बिट पुसून व्हायला हवेत. आमचं बिल बघता घरात कुणीतरी रात्रंदिवस पुसत बसलेलं असणार.

---

अर्धवाहक

पहिल्या प्रश्नापुरतं. हार्ड डिस्कच्या ६ वॅटांतले बहुतेक वॅट तबकड्या फिरवणारी मोटर, हवेचं घर्षण, हेडचा हात हलवणं आणि नियंत्रक चिप यांत जातात. डिस्क नुसती फिरत असेल, काहीही लिहीत नसेल, तरी ४-५ वॅट चालूच असतात. त्यामुळे तुमचं गुणोत्तर पुसण्याचं नाही, ते मोटरचं आहे.

खरी तुलना चुंबकीय दाण्यांपाशी करायला हवी. एका बिटात असे अनेक दाणे असतात. दाण्याचं चुंबकत्व दहा वर्षं आपोआप उलटू नये म्हणून मधली ऊर्जेची भिंत साधारण ६० केटी ठेवतात. (केटी हे या विषयातलं नेहमीचं माप. एक बिट पुसण्याची मर्यादा म्हणजे ०.६९ केटी.) लिहिताना हेड ती भिंत जोर लावून ओलांडतं आणि पलीकडे उतरताना दिलेली ऊर्जा सगळी उष्णता होते. दहा दाणे धरले तरी एका बिटाला निदान ६०० केटी. म्हणजे तुमच्या एक लाख सत्तर हजार कोटींपैकी चुंबकाच्या वाट्याला हजाराच्या आसपास पट येतात. बाकीचा खर्च यंत्राचा.

---

खोडरबर

@अर्धवाहक, ६० केटीची भिंत चढवलीच आहे तर उतरताना ती ऊर्जा परत का मिळत नाही?

---

अर्धवाहक

मिळू शकते, पण भिंत हळूहळू खाली आणली, बिट हवं त्या बाजूला सरकू दिलं आणि भिंत पुन्हा उभी केली तरच. तेव्हा खर्च केटी एलएन २ च्या जवळ येतो. डिस्कवर एका बिटाला मिळतो एक नॅनोसेकंद किंवा त्याहूनही कमी. एवढ्या घाईत हळुवारपणा जमत नाही.

---

बिटकोबा

‘पुसणे’ म्हणजे नेमकं काय ते आधी ठरवू या, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद एकमेकांना समांतर जातील.

लँडॉअरची अट अशी: आधी दोन वेगळ्या अवस्था शक्य होत्या, क्रिया झाल्यावर एकच उरली, आणि आधी कोणती होती ते परत काढता येत नाही. गेट (बिट घेऊन बिट देणारं चिपमधलं छोटं सर्किट) कितीही छोटं असो, हे जिथे होतं तिथे उष्णता द्यावी लागते. नॉट गेटमध्ये असं होत नाही, शून्याचं एक आणि एकाचं शून्य, उलटं करून परत येता येतं. अँड गेटमध्ये (आतले दोन्ही बिट एक असतील तरच बाहेर एक) होतं. आत चार शक्यता, बाहेर दोन. चारही सारख्याच संभाव्य असतील तर आत २ बिट माहिती आणि बाहेर ०.८११ बिट. हरवले १.१८९ बिट, किंमत किमान ३.४१ झेप्टोजूल. एक्सॉरमध्ये (दोन बिट वेगळे असतील तर एक, सारखे असतील तर शून्य) बरोबर १ बिट हरवतो.

म्हणजे डिस्क कोरी करणं हे या गोष्टीचं सर्वांत ढोबळ उदाहरण. प्रोसेसर प्रत्येक बेरजेला पुसतच असतो. ३२ बिटांच्या दोन संख्या घेतल्या, ३२ बिटांची बेरीज ठेवली आणि मूळ संख्या टाकून दिल्या, की गेले ३२ बिट. किमान ९२ झेप्टोजूल. ४५ नॅनोमीटर तंत्रात अशा बेरजेला प्रत्यक्षात सुमारे ०.१ पिकोजूल लागतात (१ पिकोजूल = १०^-१२ जूल). जवळजवळ ११ लाख पट.

---

टांगा_पलटी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

महावितरणग्रस्त

@टांगा_पलटी, किती झेप्टोजूल गेले? पावती जोडा.

---

कळफलक

प्रकाटाआ केल्यावर उलट खर्च वाढतो. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ जागेवर राहते, तिच्यावर ‘आता ही मृत’ अशी खूण होते आणि नवी ओळ दुसरीकडे लिहिली जाते. शिवाय दोन्हींची नोंद लॉगमध्ये. व्हॅक्यूम (डेटाबेसची सफाई) चालून ती जागा पुन्हा वापरली जाईपर्यंत टांगासाहेबांचं मूळ वाक्य सर्व्हरवर सुखरूप आहे.

---

टांगा_पलटी

अरे देवा.

---

शंकासुर

थोडं विरजण घालतो. लँडॉअरचा नियम म्हणजे उष्मागतिकीचा दुसरा नियमच नव्या कपड्यात, त्यात नवं काय? एंट्रॉपी कमी करायची तर कुठेतरी वाढवावी लागते, हे १९६१ च्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. १९२९ मध्ये लिओ झिलार्ड यांनी एका रेणूचं इंजिन कल्पून केटी एलएन २ हाच आकडा काढला होता. पुढे १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट म्हणाले की मॅक्सवेलचा राक्षस (रेणू बघून निवडत दुसरा नियम मोडू पाहणारा काल्पनिक जीव) हरतो तो स्मृती पुसताना. जॉन अर्मन आणि जॉन नॉर्टन यांचा आक्षेप यावरच आहे: राक्षसाला हरवायला लँडॉअर वापरायचा आणि लँडॉअर सिद्ध करायला दुसरा नियम गृहीत धरायचा, हे वर्तुळ झालं.

---

बिटकोबा

@शंकासुर, वर्तुळाचा आक्षेप राक्षसाच्या वादात लागू आहे, मान्य. पण दुसरा नियम धरून चालणाऱ्या इंजिनिअरला काय फरक पडतो? लँडॉअरने नवं सांगितलं ते हे की मोजणं, कॉपी करणं, गणित करणं यांना तत्त्वतः अशी सक्तीची किंमत नाही, पुसण्याला आहे. त्याआधी समजूत अशी होती की गणनेची प्रत्येक पायरी काहीतरी खाणारच. बेनेट यांनी १९७३ मध्ये दाखवलं की कोणतीही गणना उलटवता येईल अशी लिहिता येते.

---

शंकासुर

तत्त्वतः मला मंगळावरही जाता येतं. प्रयोग दाखवा.

---

प्रयोगवही

घ्या प्रयोग. फ्रान्समधल्या लिऑं इथला, २०१२ साली ‘नेचर’मध्ये आलेला.

पाण्यात २ मायक्रॉनचा सिलिकाचा मणी. लेझरचा झोत दोन ठिपक्यांमध्ये इतक्या झपाट्याने आलटून पालटून टाकतात की मण्याला शेजारी शेजारी दोन खड्डे असल्यासारखं होतं. डावा खड्डा म्हणजे ०, उजवा म्हणजे १. मधली भिंत ८ केटीच्या वर, त्यामुळे मणी ज्या खड्ड्यात आहे तिथे टिकतो.

पुसायचं असं: लेझरची तीव्रता कमी करून भिंत साधारण २.२ केटीवर आणायची, पाण्याची कुपीच हळूहळू सरकवायची म्हणजे प्रवाहाचा रेटा मण्याला एका बाजूला ढकलतो, मग भिंत परत वर. मणी कुठूनही निघो, शेवटी ठरलेल्याच खड्ड्यात. मण्याचा मार्ग क्षणाक्षणाला नोंदवून त्यावर झालेलं काम काढायचं. क्रिया घाईने केली तर उष्णता जास्त. वेळ काही सेकंदांवरून ४० सेकंदांपर्यंत वाढवत नेला की सरासरी केटी एलएन २ कडे उतरत जाते आणि त्याखाली जात नाही. जादा उष्णता वेळेच्या व्यस्त प्रमाणात घटते.

इथे दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, मर्यादा सरासरीला आहे. एखाद्या फेरीत मणी नशिबाने आधीच योग्य बाजूला उडी मारतो आणि त्या फेरीचा हिशेब मर्यादेच्या खाली येतो. दोन, मणी काही वेळा चुकीच्या खड्ड्यात राहतो. पुसणं अर्धवट झालं तर किंमतही कमी लागते, म्हणून यशाचं प्रमाण हिशेबात धरावंच लागतं. ते न धरता ‘मर्यादा मोडली’ म्हणणं फुकट आहे.

२०१६ मध्ये बर्कलीत असंच नॅनोचुंबकांवर झालं, तिथे एका बिटाला ४.२ झेप्टोजूल मोजले गेले.

---

महावितरणग्रस्त

आणि लेझरचं बिल?

---

प्रयोगवही

लेझर, कुपी सरकवणारं यंत्र, कॅमेरा यातलं काहीच त्या हिशेबात नाही. फक्त मण्याकडून पाण्यात गेलेली उष्णता. प्रयोग मर्यादा तपासायला होता, वीज वाचवायला नव्हे.

---

शंकासुर

एका बिटाला ४० सेकंद. या वेगाने १ टीबीला एक कोटी वर्षं. पण प्रयोग चोख आहे, मानलं.

---

संत्रानगरी

सूत्रात टी आहे म्हणजे आमच्या नागपूरवर अन्यायच. मे महिन्यात ४५ अंशाला ३.०४ झेप्टोजूल, पुण्याच्या जानेवारीत १० अंशाला २.७१. बारा टक्के जास्त, वर कूलर वेगळा.

---

थंडाथंडा

संत्रानगरीने गंमत केली, पण लोक ही सूचना गंभीरपणेही करतात: चिप ४ केल्विनला ठेवा, मर्यादा ७५ पट खाली येईल. येईल, पण चिपपुरती. ती उष्णता ४ केल्विनवरून उपसून ३०० केल्विनच्या खोलीत टाकायला आदर्श कार्नो यंत्रालासुद्धा (तत्त्वतः शक्य असलेलं सर्वोत्तम उष्णतायंत्र) दर जूलमागे ७४ जूल काम लागतं. बेरीज करा, पुन्हा ३०० केल्विनचाच केटी एलएन २ येतो, पैही इकडेतिकडे नाही. खरी हेलियम यंत्रं तर दर वॅटमागे शेकड्यांनी वॅट खातात. थंड करण्याचे फायदे वेगळे आहेत, गळती कमी होते, अतिवाहक तारा वापरता येतात. मर्यादा चुकवणं हा त्यातला नाही.

---

सोपानदेव

एक बाळबोध शंका. रॅमची वीज गेली की सगळं आपोआप पुसतं. तिथे कोण भरतं?

---

अर्धवाहक

आधीच भरलेलं असतं. डीरॅमच्या (संगणकातली नेहमीची रॅम) एका पेशीत साधारण १० फेम्टोफॅरडचा कपॅसिटर धरा. त्याची एक बाजू पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजला बांधलेली असते, त्यामुळे १.१ व्होल्टच्या चिपमध्ये कपॅसिटरवर येतात ०.५५ व्होल्ट. साठलेली ऊर्जा ½ सीव्ही² (सी म्हणजे कपॅसिटन्स, व्ही म्हणजे व्होल्टेज) = १.५ फेम्टोजूल (१ फेम्टोजूल = १०^-१५ जूल), मर्यादेच्या सव्वापाच लाख पट. वीज गेली की हा भार गळून जातो आणि तेवढी उष्णता होते.

आणि ‘लगेच’ पुसत नाही हेही लक्षात घ्या. रिफ्रेश (भार पुन्हा भरणं) दर ३२ किंवा ६४ मिलीसेकंदांनी करतात ते सर्वांत गळक्या पेशींसाठी. बहुतेक पेशी सेकंदभर टिकतात, चिप गोठवली तर मिनिटं. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने नेमका याचाच फायदा घेऊन बंद केलेल्या लॅपटॉपच्या रॅममधून डिस्कची किल्ली काढून दाखवली होती.

---

कळफलक

किल्लीचा विषय निघालाच आहे तर दुसरा प्रश्न घेतो.

२५६ बिटांची किल्ली पुसायला किमान ७३५ झेप्टोजूल. २३ नॅनोजूलच्या तुलनेत नगण्य. पण यात चकवाचकवी काही नाही, कारण डिस्कच्या पेशींतला एकही बिट हललेला नाही. आठ लाख कोटी बिट तिथेच आहेत, फक्त वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. एसएसडी ते ब्लॉक पुन्हा वापरायला घेईल तेव्हा पुसण्याचा खर्च येणारच. उधारी फिटली नाही, पुढे ढकलली.

---

बिटकोबा

@कळफलक, त्याहून मजा अशी की किल्ली पुसल्याने उधारी वाढते.

मर्यादा डिस्कवर किती बिट आहेत त्यावर ठरत नाही, त्यातलं किती आपल्याला आधीपासून माहीत नाही त्यावर ठरते. डिस्कभर शून्यं आहेत हे पक्कं माहीत असेल तर ती कोरी करायला काहीच लागत नाही. एकाच फोटोच्या दोन प्रती असतील तर पहिलीशी दुसरीचा एक्सॉर घ्या आणि उत्तर दुसरीच्याच जागी ठेवा. पहिली जशीच्या तशी, दुसरी पूर्ण शून्य, आणि क्रिया उलटवता येणारी. तत्त्वतः फुकट.

आता एनक्रिप्शन. एईएस (डिस्कवर नेहमी वापरली जाणारी एनक्रिप्शनची पद्धत) ही एकास-एक क्रिया आहे. किल्ली हातात असताना सगळं उलटं उलगडता येतं, मूळ डेटा दाबून लहान करता येतो आणि मग उरलेल्या खऱ्या माहितीपुरतीच किंमत मोजावी लागते. किल्ली गेली की तोच ढीग तुमच्यासाठी निव्वळ यादृच्छिक. आता एकेका बिटाची पूर्ण किंमत.

---

महावितरणग्रस्त

म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या त्याच गुलाबाच्या चाळीस सुप्रभातांपैकी एकोणचाळीस फुकटात पुसता येतात?

---

बिटकोबा

तत्त्वतः हो. पण तुमचा फोन ते फुकटात करत नाही.

---

अर्धवाहक

फोन काय करतो ते नँड फ्लॅशपाशी (फोन आणि एसएसडीतली साठवणीची चिप) जाऊन बघा. लिहिणं होतं १६ केबीच्या पानाला, पुसणं मात्र अनेक एमबीच्या अख्ख्या ब्लॉकला. ब्लॉकखालच्या थराला चार्ज पंपाने (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) २० व्होल्टच्या आसपास चढवतात, वर्डलाइन (पेशींच्या ओळीला जोडलेली तार) शून्याला ठेवतात, आणि पेशीत अडकलेले इलेक्ट्रॉन पातळ ऑक्साइडमधून बोगदा पाडावा तसे बाहेर येतात. काही मिलीसेकंद लागतात. मग तपासणी, कुणी हट्टी पेशी राहिली तर आणखी एक झटका. पुसलेल्या पेशीत ० नसतो, १ असतो. कोरा ब्लॉक वाचला तर सगळे एक दिसतात.

एका पेशीत समजा १०० इलेक्ट्रॉन, प्रत्येक २० व्होल्ट उतरला: २,००० इलेक्ट्रॉनव्होल्ट. टीएलसी पेशीत ३ बिट, त्यांची मर्यादा ०.०५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे ३७,००० पट. यात चार्ज पंपाची नासाडी आणि त्या थराचा स्वतःचा कपॅसिटन्स धरलेला नाही. त्याच ऊर्जेतला काही भाग ऑक्साइडमध्ये दोष पाडतो, म्हणून टीएलसी साधारण १,००० ते ३,००० वेळा पुसून झाली की दमते. इथे पुसण्याची किंमत उष्णतेहून जास्त झिजेत मोजावी लागते.

---

सोपानदेव

मग भिंत कमी करा, व्होल्टेज कमी करा. अडलंय कुठे?

---

अर्धवाहक

अडलंय त्याच केटीवर. गेट बदलताना ½ सीव्ही² जातो. ०.१ फेम्टोफॅरड आणि ०.७ व्होल्ट धरा, २४,५०० झेप्टोजूल, मर्यादेच्या ८,५०० पट. तार जोडली की आणखी दहापट सहज. व्होल्टेज उतरवायचं तर ट्रान्झिस्टर बंद असताना गळणारा प्रवाह आडवा येतो. खोलीच्या तापमानाला तो दहापट घटवायला किमान ६० मिलीव्होल्ट लागतात. साधारण २००५ पासून व्होल्टेज जवळजवळ तिथेच अडकलंय ते यामुळे.

आणि दुसरी अडचण चुकांची. उष्णतेच्या हेलकाव्यांनी बिट आपोआप उलटण्याची शक्यता ढोबळमानाने ई^(-भिंत/केटी). १० अब्ज स्विच, प्रत्येक सेकंदाला १ अब्ज वेळा. भिंत ४० केटी असेल तर सेकंदाला चाळीसेक चुका. ६० केटी केली की चारेक महिन्यांत एक. हिशेब ढोबळ आहे, पण कामाचा बिट ०.६९ केटीवर का चालवता येत नाही ते यातून कळतं.

---

बिटकोबा

भिंत ६० केटी असली म्हणून दर वेळी ६० केटी जाळायलाच हवेत असं नाही. कपॅसिटर एकदम पुरवठ्याला जोडला तर ½ सीव्ही² जातो. तोच हळूहळू चढत्या व्होल्टेजने भरला तर जातो आरसी/टी × सीव्ही² (इथे आर म्हणजे रोध आणि टी म्हणजे तापमान नव्हे, भरायला दिलेला वेळ). १० किलोओहम, १ फेम्टोफॅरड: आरसी १० पिकोसेकंद. १ नॅनोसेकंदात चढवलं तर नुकसान पन्नास पटींनी कमी. उरलेली ऊर्जा पुरवठ्याकडे परत. हीच अ‍ॅडियाबॅटिक पद्धत, एमआयटीत १९९० च्या दशकात यावर पेंड्युलम नावाचा उलटवता येणारा प्रोसेसर झाला होता.

---

शंकासुर

आणि तो बाजारात का नाही तेही लिहा ना.

---

बिटकोबा

लिहितो. पुरवठाच घड्याळासारखा खाली-वर झुलवावा लागतो, त्यासाठी चांगल्या प्रतीचं इंडक्टर हवं आणि चिपवर ते मिळत नाही, तिथलं नुकसान सगळी बचत खातं. वेग कमी केला की गळतीला जास्त वेळ मिळतो, म्हणजे एका मर्यादेपलीकडे हळू गेलं की खर्च परत वाढतो. आणि मधले बिट टाकता येत नसल्याने कचरा साठतो. बेनेटचा उपाय: गणित करा, उत्तराची कॉपी घ्या, मग सगळं उलटं चालवून कचरा शून्य करा. काम दुप्पट, आणि तोवर मधलं सगळं साठवायला जागा.

---

क्वांटमकाका

क्वांटम संगणकात गेट उलटवता येणारेच असतात, पण क्युबिट (क्वांटम बिट) रीसेट करणं ही पुसण्याचीच क्रिया. चुका दुरुस्त करणाऱ्या पद्धतीत साहाय्यक क्युबिट सतत मोजून पुन्हा शून्यावर आणावे लागतात. चुकांची माहिती तिथून उष्णता होऊन बाहेर जाते.

---

खोडरबर

भरपूर मिळालं, आभार. माझा तिसरा प्रश्न राहिला. आणि एसएसडी विकण्याआधी नेमकं काय करायचं तेही कुणीतरी लिहा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) येताहेत.

---

अर्धवाहक

तिसऱ्याला माझं उत्तर: आजच्या चिपवाल्याला थेट उपयोग नाही. डीरॅममधून ६४ बिट आणायला १.३ ते २.६ नॅनोजूल लागतात (वर बेरजेचा आकडा दिलाय त्याच ४५ नॅनोमीटरच्या काळातले), म्हणजे बेरजेच्या दहा हजार पटींहून जास्त. डेटा कमी हलवा, त्यात जास्त वाचेल. मर्यादेचा उपयोग एवढाच की कुणी खोलीच्या तापमानाला, बिट टाकून देणारी आणि गेटामागे १ झेप्टोजूलची चिप विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवता येतं.

---

बिटकोबा

असहमत. ८,५०० पट म्हणजे तेरा वेळा निम्मं केलं की मर्यादा. आणि ६० केटीची भिंत जाळतच राहिलो तर त्याच्या बरंच आधी अडकतो. उलटवता येणाऱ्या रचना आत्ता शिकायच्या त्या त्यासाठी.

---

कळफलक

एसएसडीचं: श्रेड (फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिणारा प्रोग्रॅम) किंवा शून्यं लिहिणं यावर विसंबू नका. नियंत्रक नवं लिखाण दुसऱ्याच ब्लॉकला पाठवतो, राखीव जागेतल्या जुन्या प्रती तशाच राहतात. एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याची नवी पद्धत, जुनी ती साटा) असेल तर फॉरमॅट आदेशात सिक्युअर इरेजचा पर्याय १ म्हणजे डेटा पुसणं, २ म्हणजे किल्ली पुसणं. सॅनिटाइझ आदेश चालत असेल तर तो अधिक चांगला, राखीव ब्लॉकही त्यात येतात आणि मध्येच वीज गेली तरी परत सुरू केल्यावर काम पुढे चालू राहतं. साटा असेल तर एटीए सिक्युअर इरेज. बायोसने ड्राइव्ह ‘फ्रोझन’ ठेवला असेल तर लॅपटॉप एकदा स्लीपमध्ये घालून उठवा, बहुतेक वेळा सुटतो.

नुसत्या किल्लीवर भिस्त ठेवू नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही स्वयं-एनक्रिप्ट ड्राइव्हमध्ये पासवर्डाशिवाय डेटा उघडून दाखवला होता. पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरचं एनक्रिप्शन चालू ठेवा आणि विकताना डेटा आणि किल्ली दोन्ही पुसा.

---

टांगा_पलटी

हे सगळं माझ्या प्रतिसादावर चालेल का?

---

कळफलक

नाही. बॅकअपमध्येही आहे तो.